फ्रिस्को फौजेचा नऊ नंबर

७ सप्टेंबर, रविवार. पहाटे साडेपाच
आमच्या फ्रिस्को फौजेचा, म्हणजे रविवारच्या फुटबॉल टीमचा, फॉल सीझन आजपासून. टार्गेट : दहा गोल. मॅचेस नऊ आहेत, त्यामुळे फार नाही.
नऊ नंबरची, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरची, जर्सी माझी. मागच्या दोन सीझनचा माझा आकडा शून्य. ती पायाभरणी होती. पाया कधी दिसत नसतो.

त्याच दिवशी, दुपारी
०–४. ऊन एकशे एक डिग्री फॅरनहाइट. गवत प्लास्टिकचं, तळपाय भाजले.
माझ्याकडे बॉल तीनदा आला. पहिल्यांदा डोळ्यावर ऊन. दुसऱ्यांदा लेस बांधत होतो. तिसऱ्यांदा पास उत्तम होता, पण तोवर मी दुसरीकडे पळत सुटलो होतो. मोठ्या खेळाडूंचं असंच होतं. इतरांच्या आधी सुचतं.
आमचा कॅप्टन परीक्षित एकतीस वर्षांचा, न्यूजर्सीत वाढलेला. वेल ट्राइड उल्हास काका, म्हणाला. मैदानावर काका म्हणू नकोस, असं त्याला सांगितलं. सॉरी काका, म्हणाला.

१० सप्टेंबर, बुधवार
आमच्या गल्लीतला कीथ यंदापासून फौजेत आहे. इंग्लंडमध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये अकरा वर्षं स्ट्रायकर होता. आता बावन्न वर्षांचा, गारांनी फुटलेली छपरं इन्शुरन्ससाठी तपासत हिंडतो. आज त्याच्या ड्राइव्हवेवर तासभर उभं राहून बोललो. अकरा वर्षांत सात क्लब, २४७ मॅचेस, ३८ गोल. एका क्लबने त्याला दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात गवत कापायचं मशीन घेतलं होतं. मशीन चांगलं होतं, असं तोच म्हणाला.
घरी येऊन हिशोब केला. त्याला एका गोलला साडेसहा मॅचेस लागल्या. म्हणजे प्रोफेशनल माणसालासुद्धा लागतात! माझ्या एकोणीस झाल्यात. तो इंग्लंडात जन्मला, मी नागपुरात. तेवढी सूट धरली की आमचं जवळपास बरोबरीत आहे.
बायकोला, रेणूला, सांगितलं. ती म्हणाली, त्याला पगार मिळत होता. तू वर्षाला दोनशे डॉलर भरतोस.

१४ सप्टेंबर, रविवार
१–२. मला शेवटची बारा मिनिटं उतरवलं. दमलेल्या डिफेन्ससमोर ताजा माणूस, ही डावपेचांतली गोष्ट आहे. परीक्षितने तसं म्हटलं नाही, पण त्याच्या मनात असणार.

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ
अस्वस्थ. तीनदा गॅरेजमध्ये जाऊन आलो. तिथे काही काम नव्हतं.
ग्रुपवर परीक्षितचा मेसेज : आपण बावीस जण आहोत, स्प्रिंग सीझनला लीग अठराच घेणार. सीझन संपला की काही जणांशी ‘बोलावं लागेल’. ज्यांचा एकही गोल किंवा असिस्ट नाही, त्यांनी चिल, नथिंग पर्सनल.
‘बोलावं लागेल’ याचा अर्थ आयटीतल्या माणसाला सांगायला नको. नोकरी जायच्या आधी शुक्रवारी दुपारी चार वाजता अजेंडा नसलेलं मीटिंग इन्व्हाइट येतं, ते हेच.
ग्राउंडवर आज एक मुलगा बघायला आला होता. सुशांत. चोवीस वर्षांचा, महिन्यापूर्वी पुण्याहून आलाय, कॉलेजकडून खेळायचा. उभा असतानाही पळतोय असं वाटत होतं. मला म्हणाला, अंकल, तुम्ही कोच का?
सहा मॅचेस उरल्या. मला एक गोल हवाय. दहाचं टार्गेट स्थगित.

२४ सप्टेंबर, बुधवार
प्लॅन. १) रोज सकाळी चार मैल. २) भात बंद. ३) रोज गॅरेजच्या दारावर शंभर शॉट.

२५ सप्टेंबर, गुरुवार
चार मैलांऐवजी चार ब्लॉक. सुरुवात नेहमी कमी ठेवावी. शॉट चाळीस. भात बंद; रेणूने खिचडी केली होती, खिचडी वेगळी.

२ ऑक्टोबर, गुरुवार
एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं, पत्र. गॅरेजच्या दारावर ‘गोलाकार वस्तूचे ठसे’ आहेत, दहा दिवसांत रंगवून घ्या. ठसे मी मोजले. बहुतेक सगळे उजव्या खालच्या कोपऱ्यात. याला अचूकता म्हणतात. अनया चौदा वर्षांची आहे, शाळेच्या टीममध्ये मिडफिल्ड खेळते. म्हणाली, डॅड, तू मध्यभागी मारत होतास ना?
प्रश्नच नको तिचे.

५ ऑक्टोबर, रविवार
आज पोस्टला लागला! माझा! म्हणजे कीथने शॉट मारला, मी मध्ये होतो, बॉल माझ्या पाठीला लागून पोस्टवर गेला. कीथ म्हणाला, उली, तू नसतास तर गोल होता. तो मला उली म्हणतो. मैत्रीत म्हणाला. पण मुद्दा असा की मी योग्य जागी होतो. आत्तापर्यंत योग्य जागी नव्हतो, ही मोठी प्रगती.

८ ऑक्टोबर, बुधवार
ऑफिसात बसवेना. तीन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून उभा होतो.
हे इथेच लिहितो. नागपूरला धंतोलीत आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो. मला दोन्ही बाजूंनी घ्यायचे. कच्चा लिंबू. आऊट झालं तरी आऊट नाही, कॅच घेतला तरी मोजायचा नाही. मला वाटायचं, मी सगळ्यांना हवाय म्हणून दोन्ही बाजूंनी घेतात. चौथीत कळलं.
रात्री जेवताना रेणूला सहज विचारलं, फौजेत मी कच्चा लिंबू आहे का गं?
ती म्हणाली, आणखी एक पोळी वाढू?
मी नको म्हटलं. तिने वाढली.

१२ ऑक्टोबर, रविवार
०–०. खेळलो वीस मिनिटं. कच्चा लिंबू असतो तर वीस मिनिटं दिली असती का? नाही. बरं वाटतंय.
नंतर कळलं, दोघे जण आले नव्हते.

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीची सुट्टी, मॅच नाही. कीथला फराळाला बोलावलं. चकली खाताना त्याला विचारलं, गोल होत नसेल तेव्हा तू काय करायचास? एकदा बावीस मॅचेस झाला नव्हता, म्हणाला. बायको बाजारात जाऊन वेगळीच ओळख सांगायची. मग एके दिवशी बॉल माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. मी आयुष्यात इतका रडलो नाही.
मी विचारलं, गुडघ्याचा मोजतात?
म्हणाला, गुडघ्याचाही मोजतात.
रेणूने त्याला लाडू डब्यात भरून दिले. मग बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती.

२६ ऑक्टोबर, रविवार
१–३. मला खेळवलं नाही. उजव्या मांडीला ताण होता, असं मीच परीक्षितला आधी सांगून ठेवलं होतं. म्हणजे न खेळवण्याचा निर्णय माझाच.

२ नोव्हेंबर, रविवार
२–२. नऊ मिनिटं. बॉल एकदा.
पुढच्या रविवारी शेवटची मॅच. अनयाला म्हटलं, तू आणि आई बघायला या, व्हिडिओ काढ. ती म्हणाली, ऑफ द होल मॅच? मी म्हटलं, गोलचा. तिने ओके म्हटलं, पण आईकडे बघून.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार
सगळं क्रमाने लिहितो.
१–१ असताना, मॅच संपायला सहा मिनिटं उरली होती, तेव्हा मला उतरवलं. बॉक्समध्ये उभा होतो. दम खात. त्यांचा एक सहा फुटी माणूस मागून येऊन माझ्यावर आदळला. मी पडलो. रेफ्रीची शिट्टी. पेनल्टी!
पेनल्टी म्हणजे गोलसमोर बारा यार्डांवर बॉल, मध्ये फक्त गोलकीपर. त्यांचा गोलकीपर मांडी धरून लंगडत होता. याहून सोपा गोल जगात नाही.
परीक्षित बॉल घेऊन सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, काका, तुम्ही कमावलीय, तुम्ही घ्या. सगळी फौज टाळ्या वाजवायला लागली. बेंचवरून कोणीतरी ‘उल्हास, उल्हास’ सुरू केलं. पलीकडे अनयाने फोन वर धरला. रेणू उभी राहिली.
मी म्हटलं, अरे नको, नको. तूच घे.
असं एकदा म्हणायचंच असतं. पहिल्या फटक्यात बॉलवर झडप घातली तर माणूस किती हावरट दिसतो.
परीक्षित म्हणाला, शुअर?
मी म्हटलं, अरे खरंच, कोणीही घ्या, टीम महत्त्वाची.
हे दुसऱ्यांदा. आता त्याने तिसऱ्यांदा म्हणायचं, अहो काका, घ्या हो, तुम्हाला माझी शपथ. मग मी नाइलाजाने घ्यायचा. तिसऱ्या वेळचा हो माझ्या ओठांवर होता. मी सॉक्सही वर ओढले होते.
परीक्षित म्हणाला, दॅट्स सो क्लासी, काका.
कीथ म्हणाला, राइट्‌-ओ. आणि बॉल घेऊन गेला.
२–१. आम्ही जिंकलो. सीझनमधला पहिला विजय. सगळे कीथच्या अंगावर. मग त्यांना आठवलं आणि सगळे माझ्या अंगावर. किती मोठं मन, म्हणाले. अनयाच्या व्हिडिओत मी आहे, कोपऱ्यात, सॉक्स वर करून.

संध्याकाळी
मी म्हटलं, यांना आग्रह म्हणजे काय हे माहीत नाही. कीथचं सोड, पण परीक्षित? त्याची आई डोंबिवलीची!
रेणू म्हणाली, तुझ्या ‘नको’चा अर्थ लावायला मला लग्नानंतर चार वर्षं लागली. त्या मुलाला तू दहा सेकंद दिलेस.
मग ती म्हणाली, मला वाटलं तू घेशील. मी उभी राहिले होते ना.
पाहिलं होतं मी.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठराव, कायमचा. यापुढे पहिल्यांदाच हो म्हणायचं. नको हा शब्द बंद. लोकांनी आग्रह करायची वाट बघण्यात निम्मं आयुष्य गेलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ठराव झकास चालू आहे. मॅनेजरने विचारलं, पुण्याच्या टीमबरोबर रोज सकाळी सहाचा कॉल कोण घेईल? हो म्हटलं. मराठी मंडळाच्या उत्तराताईंनी विचारलं, संक्रांतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या कोण लावेल? हो. एचओएच्या बाईंनी गॅरेजच्या दाराबद्दल फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, कमिटीवर येणार का? हो.
रेणू म्हणाली, तू बरा आहेस ना?
हो.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी अकरा
परीक्षितचा फोन. ‘बोलावं लागेल’ तो हाच, हे मी ओळखलं. पण मी तयार होतो. आवाजावरून तो अवघडलेला वाटला. म्हणाला, काका, एक विचारायचं होतं. पेनल्टीचं तुम्ही जे केलंत त्यावरून सगळ्यांनी मिळून ठरवलं की स्प्रिंगला तुम्हाला…
हो! मी म्हटलं.
अहो, पूर्ण ऐका तरी.
ऐकायचं काय त्यात? हो म्हणजे हो. शंभर टक्के हो.
तो एकदम मोकळा झाला. म्हणाला, थँक गॉड काका, मला रात्रभर झोप नव्हती. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटत होतं. मग तुमची जागा आणि नऊ नंबर सुशांतला देतो. आणि तुम्ही आमचे लाइन्समन. यू आर द बेस्ट.
फोन ठेवल्यावर रेणूने विचारलं, काय म्हणाला?
मी म्हटलं, हो म्हणाला.
तिने फोनमधलं सगळं ऐकलं होतं. स्पीकर चालू होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
परत फोन करून सांगता येईल की तो हो वेगळ्या प्रश्नाचा होता. दिवसभर नंबर काढून ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
फोन केला नाही.
सुशांत जर्सी न्यायला आला होता. दारातच उभा. म्हणाला, अंकल, मला नंबर कुठलाही चालेल, तुम्ही ठेवा ना हा. मी नको म्हटलं. नाही, अंकल, ठेवाच, म्हणाला. मी नको म्हटलं. अंकल, प्लीज, म्हणाला, तिसऱ्यांदा, पुण्याचाच मुलगा तो. जर्सी धुऊन इस्त्री करून ठेवलेली होती. त्याच्या हातात दिली.
तीनदा विचारलं त्याने.

१ मार्च, रविवार. दुपार
३–१ जिंकलो. सुशांतचे दोन.
आमच्या लीगमध्ये प्रत्येक टीमने एक लाइन्समन द्यायचा असतो. मला वाटलं होतं, ऑफसाइड वगैरे ठरवायचं असेल. व्हिडिओ बघून बरीच तयारी केली होती. रेफ्री म्हणाला, ते मी बघतो. तू फक्त बॉल रेषेबाहेर गेला की झेंडा वर कर.
बॉल एकतीस वेळा बाहेर गेला. एकतीस वेळा मला दिसला.
घड्याळ सांगतंय, आज सव्वासहा किलोमीटर पळालो. स्ट्रायकर असताना सगळ्यात जास्त दोन होते.
मॅच संपल्यावर कीथ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उली, मी पाहिलेला हा तुझा सगळ्यात चांगला गेम. थट्टा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. रेणूकडे बघितलं. ती पाण्याची बाटली उघडत होती, आणि मान हलवत होती, हो म्हणून.
परीक्षितने विचारलं, काका, पुढच्या रविवारी, याच कामाला, याल ना?
प्रश्न संपेपर्यंत थांबलो. मग हो म्हटलं.