दोन पट्ट्या वर

॥ श्री ॥
मुंबई, १२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दत्तामामांस,
सानिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे बरे आहोत. हा विषय फोनवर निघाला की आई कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवते, आणि तुमचं निम्मं बोलणं तुमच्या बर्फाच्या कारखान्यातलं मशीन खातं. म्हणून कागद घेतला.

आमच्या ऑफिसातला निहार जुन्या कॅसेटी जमवतो. परवा त्याने एक लावली. बँडचं नाव ‘सुकट’, कॅसेटचं नाव ‘वास येतोय का?’, साल १९८५. गिटार करवतीसारखी, ड्रम पत्र्यावर नारळ पडावेत तसे, मध्येच भजनातली पेटी, आणि वर एक मुलगी घरमालकाच्या नावाने ठणाणा करतेय. निहारच्या मते त्या काळात असं पंक मराठीत करायला छाती लागत होती, आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी कव्हर हातात घेतलं. गायिका : सगुणा. फोटोत केस बारीक कापलेली माझी आई! देवरूखच्या महिला मंडळात बायकांना चपला रांगेत लावायला लावते, तीच.

निहारची मंडळी ही गाणी तबकडीवर पुन्हा काढणार आहेत. गिटारवाले संदेशकाका तयार आहेत. आई नाही म्हणते. का, तर तो आवाज माझा नाही म्हणे. त्यापुढे शिट्टी.

मामा, तिने मला कधी अंगाई म्हटल्याचं आठवत नाही. आरतीलाही ती नुसत्या टाळ्या वाजवते. हे काय प्रकरण आहे? गाणी तुमच्या फोनवर पाठवली आहेत. ऐका आणि सविस्तर लिहा.

मामींना नमस्कार. आशीर्वाद द्यावेत, सोबत सल्ला आला तरी चालेल.

आपली,
सानिका

॥ श्री ॥
रत्नागिरी, २० जानेवारी

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

बाय, पत्र पोचलं. आधी मामीने वाचलं, मग मला मिळालं; आमच्याकडे टपाल असंच चालतं.

तुझी आई मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. दर अकरा महिन्यांनी घरमालक खोली खाली करायला सांगायचा, त्या रागाचं तिने गाणं केलं. मी तेव्हा आखातात टगबोटीवर होतो आणि माझी पेटी तिच्या खोलीत पडून होती. या पोरांकडे महागडा कीबोर्ड घ्यायची ऐपत नव्हती, तर त्यांनी ती पेटीच बँडमध्ये घेतली.

मी सुट्टीवर आलो तोवर सगळं मिटलेलं. संदेशने सांगितलं ते असं. कॅसेट छापून आली, सगळे ऐकायला बसले, आणि सगुणा म्हणाली हा माझा आवाज नव्हे. पोरं हसली. टेपवर स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो, हे तिला एकेकाने समजावलं. पुढे कुणीतरी पेपरात तिला पिपाणी म्हटलं. तिने बँड सोडला आणि गाणंही. मी कॅसेट मागितली तर खाडीत टाकली म्हणाली. म्हणजे मी ही गाणी या आठवड्यात पहिल्यांदाच ऐकली.

आता नीट वाच. माझ्या पेटीत काळी एकचा सूर खरखरतो. तेव्हाही खरखरायचा, आजही खरखरतो. तो दुरुस्त करायला कुणी आला की मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. भजनाआधी मी पेटी घेऊन बसलो आणि तुझ्या फोनबरोबर वाजवू लागलो. जुळेना. फोनमधल्या पेटीत तीच खरखर येते, पण ती काळी दोनला, म्हणजे दोन पट्ट्या वर. खरखर काही उठून दुसऱ्या पट्टीत राहायला जात नाही. जुनी पेटी उतरते म्हणशील, तर ती केसभर उतरते, दोन पट्ट्या नाही.

याचा अर्थ कॅसेटच जोरात पळते आहे. आणि असलं गाणं जोरात का, असं कोण विचारणार!

निहारला सांगून सगळं वेगासकट दोन पट्ट्या खाली आण. कॅसेट कुठे भरली होती ते संदेशला विचार. तुझ्या आईला इतक्यात बोलू नको. होडी बंदराला लागल्याशिवाय मासळी मोजू नये.

मामीचे आशीर्वाद स्वतंत्र आहेत, माझ्यात धरू नको.

तुझा,
दत्तामामा

॥ श्री ॥
मुंबई, २ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दत्तामामांस,
सानिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांचा विमा उतरवून ठेवा. संदेशकाकांना आठवलं की कॅसेट भरणाऱ्याचं मशीन त्या दिवसांत बिघडलेलं होतं. एका भजनीबुवांची कॅसेटही त्याच मशीनवर भरली, आणि बुवांचा गळा या वयात तरुण झाला म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. आईच्या आवाजाशी त्याचा संबंध काकांनी कधी जोडला नाही. फोनवर ते बराच वेळ नुसते अरेरे करत राहिले.

निहार आधी रुसला. वेग हीच तर मजा, वेग काढला तर उरलं काय, असं त्याचं म्हणणं. तरी त्याने खाली आणलं. ऐकल्यावर त्याने तेच गाणं पुन्हा लावलं. आधी वाटायचं, एक मूल पाय आपटतंय. आता एक बाई दारात उभी आहे आणि घरमालकाला आत शिरायला जागा नाही. मामा, माझ्या चपला दारात आडव्या पडल्या की आई लावते तोच आवाज!

तुम्हीच तिला कळवा. मी कळवलं तर शिट्टी होईल.

भाचीवर माया आहेच, तिला ओहोटी लागू नये.

आपली,
सानिका

॥ श्री ॥
रत्नागिरी, ९ फेब्रुवारी

चि. सौ. सगुणास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बांगडा बरा लागतोय, त्यामुळे बर्फाला मागणी आहे आणि मला फुरसत नाही. तरी लिहितो.

सगुणे, तो आवाज माझा नव्हे असं तू म्हणाली होतीस. तू बरोबर होतीस. कॅसेट भरणाऱ्याचं मशीन जोरात पळत होतं, त्याने तुला दोन पट्ट्या वर नेऊन ठेवलं. पेटीवर ताडून पाहिलंय, संदेशनेही मशीन बिघडल्याचं सांगितलंय. तुझी लेक आणि तिचा मित्र निहार यांनी गाणी जागेवर आणली आहेत. सोबतचा पेनड्राइव्ह तुझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओला लागतो.

तबकडीला हो म्हण, असं मी सांगत नाही. पोरांना तेवढंच पाहिजे असलं तरी मला नको. तू एकदा ऐक. मग नाही म्हणालीस तर ते ऐकून म्हटलेलं ‘नाही’ असेल, आणि सानिकाला मी समजावीन.

भावोजींना नमस्कार. भावावरचा लोभ दोन पट्ट्या वर ठेवलास तरी तक्रार नाही.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
देवरूख, १८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह मिळाला. तीन दिवस डब्यात ठेवला. काल हे बागेत होते तेव्हा दार लावून रेडिओला लावला. पहिलं गाणं अर्धं झालं असेल, तोच हे धावत आले आणि बाहेरूनच विचारू लागले की कोणाशी भांडतेस, दार उघड. मी दार उघडलं. तोंड मिटून उभी होते, आणि मागे मी भांडतच होते. हे एकदा माझ्याकडे, एकदा रेडिओकडे बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं. तुझा घरमालक इतका वाईट होता का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, याहून.

दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं की माझे कानच खोटे आहेत. ज्याला स्वतःचा आवाज ओळखता येत नाही त्याने गाऊ नये, एवढा साधा हिशेब होता. बाकी कुणावर राग नाही. त्या पोरांना तरी काय कळत होतं.

सानिकाला होकार कळवला आहे. तिला आनंद झाला, आणि लगेच म्हणाली की तिसऱ्या गाण्यात शेवटी सूर घसरलाय, तो निहार संगणकावर नीट करून देईल. मी स्वच्छ ‘नाही’ सांगितलं आहे, तूही तिला बजाव. तिथे मी बेसूरच आहे. मशीनचा काही दोष नाही, तो माझाच आवाज आहे.

वहिनीस नमस्कार. तुमची माया आहे, ती अशीच मिळत राहो.

तुझी,
सगुणा