विल्फच्या लीकवर कोणाचं लक्ष

३ ऑगस्ट
आजपासून राग बंद. तशी मी शांतच आहे. माझ्या नवऱ्यानं, विल्फनं, नाताळात पेरलेल्या दोन लीक, पातीच्या कांद्याच्या थोरल्या बहिणीच त्या, आता मनगटाहून जाड झाल्यात. जूनमध्ये तो गेला. खाण बंद झाल्यावर त्याला एवढंच उरलं होतं. सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनात त्याच्या नावानं पहिला नंबर आणायचा, बाकी काही मागणं नाही.
कात्रीनं एकोणीस गोगलगाई कापल्या. मन हलकं झालं.

८ ऑगस्ट
शेजारच्या वाफ्याचा कथबर्ट म्हणाला, "विल्फनं जाताना सांगितलंय, लक्ष ठेव म्हणून." कशावर, विचारलं. म्हणे, "सगळ्यावरच गं बाई."
लायब्ररीतून वाक्प्रचारांचा कोश आणला. लक्ष ठेवणं: सांभाळणं, पहारा देणं, संशय घेणं, हाव धरून टपणं. कथबर्टचा अर्थ चौथा.

१५ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, रक्तदाबावर लक्ष ठेवा. हा पहिला अर्थ.
परतताना कथबर्टच्या काचघराची काच फुटली. वीट हातून सुटली. वीस फुटांवरून.

२२ ऑगस्ट
ऐनवेळी कोणी बदलू नयेत म्हणून प्रदर्शनाची कमिटी प्रत्येक लीकच्या पानावर शिक्का मारून गेली. सेक्रेटरी डग्लस म्हणाला, "गेल्या वर्षी तिघांच्या लीक कोणीतरी चिरल्या, डोरीन. जपून." बोलताना त्यानं कथबर्टकडे पाहिलं. कथबर्ट माझ्या मागेच उभा होता, पण ते गौण.
विल्फच्या फावड्याला कानस मारून धार केली. गवतासाठी.

४ सप्टेंबर
कथबर्टचं कुंपण लाथेनं पाडलं. शांतपणे.

११ सप्टेंबर, सकाळी साडेसहा
उद्या प्रदर्शन. कथबर्ट विल्फच्या वाफ्यात वाकलेला, हातात सुरी. मी हाक मारली नाही. फावड्याची पाठ आधी खांद्यावर, मग मनगटावर. हाड मोडताना आवाज वाटतो त्यापेक्षा कोरडा येतो. तो पडला, त्याच्याखाली एक लीक मोडली. त्याला बाजूला करायला मी पायानं ढकललं, तेव्हा दुसरी.
सुरी लोणी लावायची होती. टोकाला गोगलगाय चिकटलेली. त्याच्या डब्यात अजून तीसेक.
पडल्या पडल्या म्हणाला, "जूनपासून रोज येतोय गं. तुला उठायला उशीर होतो."

१२ सप्टेंबर
टेबलावर विल्फच्या नावाची चिठ्ठी होती, पुढे जागा रिकामी. कथबर्टनं कमिटीला सांगितलं, पाय घसरला. मला त्याचाच राग आला. कोणीतरी मला टाकून बोलायला हवं होतं.
मोडलेल्या लीकचं सूप करून त्याच्याकडे नेलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून भरवावं लागलं. तिसऱ्या चमच्याला म्हणाला, "डोरीन, यात मीठ नाही."
विल्फनं बत्तीस वर्षं माझ्या हातचं हेच सूप खाल्लं, कधी एक शब्द बोलला नाही.
चाखून पाहिलं. नव्हतं.