शकूची कुपी

मी, डॉ. पद्मावती काशिनाथ ठोंबरे, वय एकाहत्तर, राहणार कळंब, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, पण मी रोज सकाळी शब्दकोडे पुरे करते, हा त्याहून बरा पुरावा समजावा.

१. कळंबचे राहते घर, मागची आंब्याची झाडे आणि बँकेतील ठेवी माझी भाची सुरभी हिला मिळाव्यात. शेजारच्या रिसॉर्टवाल्याने आमचा बांध दोनदा सरकवला आहे. त्याला एक कैरीसुद्धा देऊ नये.

२. माझा मायक्रोस्कोप गावच्या शाळेला द्यावा. तो कपाटात कुलूपबंद ठेवायचा नाही. मुलांनी काचा फोडल्या तर फोडू द्याव्यात. मीही पुष्कळ फोडल्या.

३. तीस वर्षे मी कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे बनवली. सुरुवात उंदरांपासून होई. आई शेवटपर्यंत म्हणायची, "उंदराला सुया टोचायला येवढी शिकलीस काय गं?" प्रतिपिंड पेशीला चिकटले की मायक्रोस्कोपखाली हिरवा उजेड दिसे. त्या उजेडापायी सणवार विसरले, लग्न राहून गेले, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही. फार सुंदर दिवस होते ते.

१९९३ साली बारा बायकांच्या गाठींच्या पेशी तपासल्या. अकरा उजळल्या, नववी काळी राहिली. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, नववी वगळून शोधनिबंध लिहा. मी नाही म्हटले, तर त्यांनी निबंधातून मलाच वगळले. पुढे त्यावरून औषध झाले. कित्येक बायकांना गुण आला, काहींना मुळीच आला नाही. माझी त्या वर्षीची वही प्रमुखांना रजिस्टर पोस्टाने पाठवावी. पान बत्तीसवर खूण घातली आहे.

४. नववा नमुना माझ्या धाकट्या बहिणीचा, शकूचा होता. उपचार चालू असताना ती माझ्याकडे राहायची. एकदा तांदळाच्या भाकऱ्या घेऊन प्रयोगशाळेत आली आणि हट्टाने मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. "काय दिसत नाय गं, पदू." मी म्हटले, दिवा बिघडलाय. "मंग दुरुस्त कर की गं," म्हणाली आणि सगळ्यांना भाकरी वाटत सुटली. चार महिन्यांनी ती गेली. सुरभी तेव्हा दोन वर्षांची होती.

५. निवृत्तीच्या वर्षी जुने नमुने टाकून देण्याची यादी आली. मी सगळे टाकले, एक कुपी सोडून. ती कळंबला वाल्मिककडे माझ्या छोट्या कॅनमध्ये आहे. वाल्मिक गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतो. त्याच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो, तोच तो दर पंधरवड्याला माझ्याही कॅनमध्ये भरतो. पहिल्याच दिवशी घाबरून म्हणाला, "ताई, ही चुकून गाईला गेली तं?" तेव्हापासून कुपीला लाल दोरा आहे. वाल्मिकला माझी स्कूटर द्यावी. त्याचे उपकार स्कूटरने फिटणारे नाहीत, हेही सांगावे.

६. सुरभी, हे कलम तुझ्यासाठी. कुपीतल्या पेशी तुझ्या आईच्या आहेत आणि आजही जिवंत आहेत. त्यांना आई समजू नकोस. आईला ज्याने नेले, तेच त्या कुपीत आहे. माझे त्याच्यापुढे काही चालले नाही. कधी तरी कोणाचे तरी चालेल, म्हणून राखले. त्या पेशी संशोधनाला द्यायच्या की कॅन भरणे थांबवायचे, ते तू ठरव. इतकी वर्षे मी एकटीनेच ठरवले. तो हक्क तुझा होता आणि मी तो तुझ्यापासून लपवला, याची मला लाज वाटते.

दहावीच्या सुट्टीत तू विचारले होतेस, "मावशी, आईचं काय हाय का गं तुझ्याकडं?" मी तुला तिची एक साडी दिली आणि म्हटले, बाकी काही नाही.

हाय गं.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून, दोन ठिकाणी खोडून, खालील दोघींच्या समोर सही केली आहे आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे. कलम सहाची शेवटची ओळ मी जाणूनबुजून तशी लिहिली आहे. नक्कल करताना ती कोणी शुद्ध करू नये.

सही: पद्मावती काशिनाथ ठोंबरे

साक्षीदार:
१. डॉ. समीक्षा दळवी, खालापूर
२. हर्षला मोरेश्वर भोईर, शिक्षिका, कळंब

ठिकाण: खालापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५