शेषगिरीचा डावा हात

बसवनगुडी, बेंगळूरु
१२ फेब्रुवारी १९९३

चि. श्रीवत्स यास हयवदनकाकाचे अनेक आशीर्वाद.

ग्लायडिंग क्लबच्या स्मरणिकेतील तुझा लेख वाचला. व्याकरण निर्दोष आहे. वृत्तान्त चुकीचा आहे. तुझे वडील शेषगिरी ‘उतरताना वारा अचानक पडल्यामुळे’ गेले, असे तू लिहितोस. त्या दिवशी वारा पडला नव्हता.

आपल्या जुन्या ग्लायडरमध्ये डाव्या हाताशी एकच दांडा होता, पंखांवरचे ब्रेक उघडून ग्लायडर खाली आणण्याचा. नव्या ग्लायडरमध्ये नेमक्या त्याच जागी चाक आत घेण्याचा दांडा होता. ब्रेकचा त्याच्या पुढे. शेषगिरी उतरायला आला तेव्हा फार उंचावर होता. सवयीने हात जुन्या जागी गेला. ग्लायडर खाली येईना. चाक आत-बाहेर होताना मी जमिनीवरून पाहत होतो. त्याचा अर्थ मला लागला तो, ग्लायडर कुंपणाच्या भिंतीवर आदळल्यानंतर.

तसलेच ग्लायडर तू एकवीस तारखेला प्रथमच उडवणार आहेस, असे क्लबमधल्या प्राणेशकडून कळले. आधी ते जमिनीवर असताना त्यात बस, डोळे मिट आणि प्राणेशला ‘ब्रेक’ म्हणायला सांग. हात कोठे जातो ते कळव. फोन करू नकोस. फोनवर मी चिडतो. आईला हे पत्र दाखवू नकोस.

उत्तर आले की नमस्कार पोहोचला असे समजेन.

हयवदन


पीण्या, बेंगळूरु
१६ फेब्रुवारी १९९३

ती. काकांस श्रीवत्सचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. आईने विचारलेच, तेव्हा काकांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आहेत असे सांगितले. तिला लगेच पटले.

रविवारी परीक्षा दिली. प्राणेशने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. दहापैकी नऊ वेळा हात बरोबर गेला. ‘सरी’, म्हणजे ठीक, पास झालास, असे तो म्हणाला. दहाव्या वेळी तो मुद्दाम ओरडला, म्हणून गोंधळलो. उड्डाणाच्या दिवशी जमिनीवरून सूचना द्यायला रेडिओवर तोच असेल, तेव्हा काळजी नसावी.

एक विचारतो. लेखातला मजकूर मी चौकशीच्या अहवालातूनच उतरवून घेतला होता. वारा पडल्याचे त्यात स्पष्ट आहे. तो अहवाल कोणी लिहिला?

रागावलात तरी माया आटू देऊ नये.

आपला श्रीवत्स


बसवनगुडी
१८ फेब्रुवारी १९९३

चि. श्रीवत्स यास आशीर्वाद.

अहवाल मी लिहिला. माझा भाऊ चुकला, असे कोणी म्हणू नये म्हणून. आणि आणखी एका कारणासाठी. त्या दिवशी रेडिओवर मी होतो. ब्रेक ओढ, आणखी जोराने ओढ, असे मी ओरडत राहिलो. त्याने माझे शेवटपर्यंत ऐकले. हातात कोणता दांडा आहे ते पाहा, असे मी एकदाही म्हणालो नाही.

तुझी दहावी वेळ हीच आहे. शांतपणे विचारले असते तर तुझ्या वडिलांनीही नऊ गुण मिळवले असते. प्राणेशला ओरडू दे. सलग शंभर वेळा हात बरोबर गेल्याखेरीज उडू नकोस. माझ्यावरचा लोभ ठेवावा की नाही, हे तूच ठरव.

आता तारखा नीट उतरवून घे.

शेषगिरीस मी नव्या ग्लायडरमध्ये बसवले : ७ मार्च १९८२. तू ‘एप्रिल’ छापले आहेस.

तो गेला : त्याच दुपारी, मैदानावरच. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नव्हे.

खोट्या अहवालावर माझी सही : १९ मार्च १९८२.

खरा अहवाल क्लबच्या चिटणिसांना दिला : आज सकाळी.

तुझे उड्डाण : रविवार, २१ फेब्रुवारी १९९३, असे प्राणेश म्हणतो. हे पत्र शनिवारी पोहोचावे. ते पोहोचो न पोहोचो, रविवारी सकाळी मी मैदानाच्या फाटकात उभा असेन. तोवर माझ्या वहीत ही एकच तारीख पेन्सिलीने लिहिलेली आहे.