टिल्लू पंप आणि दयेचा अर्ज

नागपूर,
वैशाखातली एक भाजकी दुपार

तीर्थरूप यमुताईच्या चरणी,

धाकट्या श्रीधरचा दंडवत. (कंबर जेवढी वाकते तेवढा प्रत्यक्ष, उरलेला मनातल्या मनात.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं पथ्य चालू आहे, की अजून लपूनछपून लोणचं? इथं ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुझी भावजय वैदेही बरी आहे; माझ्याशी बोलत नाही, एरवी बरी आहे. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "श्रीधर, मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या वेळचा मुद्दा असा आहे की त्याच्यापर्यंत मला वळसा घेऊनच जावं लागतं. आमच्या सोसायटीच्या फाटकावर टांगलेला टिल्लू पंप आणि त्याखाली तुझ्या गौरांगच्या नावाची पाटी, हा फोटो कोणीतरी पुण्यकर्म म्हणून तुला पाठवला असणारच. नोकरीसाठी पोराला मामाकडे ठेवलं आणि मामानं त्याला फाटकावर लटकवलं, असं तुला वाटणं साहजिक आहे. म्हणून हा खुलासा.

तुला ठाऊकच आहे, कोर्टात कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि घरच्यांच्या सुनावण्या घेऊन कंटाळल्यावर सोसायटीचा अध्यक्ष झालो. (निवडून नव्हे, उभंच कोणी राहिलं नाही.) उन्हाळ्यात नळाला पाणी जेमतेम. जो तो थेट नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो. म्हणून मी नियम केला, की पंप सापडला की जप्त, आणि मालकाच्या नावासकट फाटकावर टांगायचा. दंड काय, पैसेवाला भरून मोकळा होतो. लाज मात्र सगळ्यांना सारखी, असं मी सभेत म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं भान सुटतं, हे तू मी चड्डीत असल्यापासून जाणतेस. त्या भरात मी आणखी एक कलम घातलं: अध्यक्षांस योग्य वाटल्यास शिक्षा माफ करता येईल, कारण देणे बंधनकारक नाही. राष्ट्रपतींना दयेचा अधिकार असतो, मग आम्हालाच का नको? सेक्रेटरी ओमप्रकाश तेव्हाच म्हणाला होता, की भाऊ, हे कलम महागात पडन. मी त्याला घटना समजावून सांगितली.

संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर आमची बैठक असते. तिथं मध्यंतरी विषय एकच होता. कुठल्याशा देशाच्या अध्यक्षानं खुर्ची सोडता सोडता आपल्याच गोतावळ्याला माफ्या वाटल्या, अशी बातमी टीव्हीवर चालली होती आणि मी पेटलो होतो. दया हा राजाचा दागिना आहे, पण तो घरच्या लग्नात मिरवायचा नसतो, असं एक वाक्य मी टाकलं. (घरूनच करून नेलं होतं.) आपल्याकडचंही मी सोडलं नाही. गरिबाला दयेचा अर्ज लिहायला धड वकील मिळत नाही, मिळाला तर अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि ज्याचा मामा मोठा त्याचा कागद मात्र पायांनी चालत साहेबाच्या टेबलावर जातो, हे मी उभ्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. ओमप्रकाशनं विचारलं, की अध्यक्ष स्वतःलाच माफ करू शकतो काय? मी म्हणालो, एवढा निर्लज्ज माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आता कुसुमताईंचं प्रकरण. या तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळच्या कुहीकडच्या; यजमान गेल्यावर कपडे शिवून त्यांनी मुलीला, हिमानीला, शिकवलं. त्यांच्याकडे पंप सापडला. त्यांनी नाकारलं नाही. पण नेमकी त्याच रविवारी हिमानीला पाहायला तुमच्या मौद्याची मंडळी यायची होती. (मुलगा सौरव, वीज केंद्रात नोकरीला. तुझ्याच गल्लीतला, हे मला मागाहून कळलं.) पाहुणे येऊन जाईपर्यंत पाटी लावू नका, मग हवी तर महिनाभर ठेवा, एवढीच त्यांची विनंती होती. वर पाणी चढतच नाही, खाली कोणीतरी ओढतं, असंही त्या म्हणाल्या. मी पुरावा मागितला. मग चष्मा पुसला, आणि कायद्यापुढे आई, मुलगी, पाहुणा सगळे सारखे, असं सांगून अर्ज फेटाळला. पाहुणे आले, फाटकाशी थांबले, पाटी वाचली, वर जाऊन पोहे खाल्ले. मौद्याला पोचल्यावर सौरवच्या आईचा निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण ज्या घराची चोरी फाटकावर लिहिलेली आहे तिथं सोयरीक करताना विचार करावा लागतो. तो विचार अजून चालू आहे. हिमानी जिन्यात भेटली की बाजूला होऊन मला वाट देते आणि भिंतीकडे बघते. ताई, त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी नळ यायच्या वेळी, ओमप्रकाश चार सभासद घेऊन माझ्या दारात. मी न्हाणीघरात होतो. बाहेरून त्याचा आवाज आला, "अध्यक्षसाहेब, घुर्र घुर्र आवाज तर तुमच्याच मागच्या नळावरून येऊन राहिला." सगळे मागे गेले. पंप लावलेला होता आणि गौरांग बटणाला हात लावून उभा होता. मी टॉवेलवर बाहेर आलो. (कोणत्याही घटनेत अध्यक्षाचा हा पोशाख सांगितलेला नाही.) गौरांगनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी तिथंच टॉवेल सावरत कलम वापरलं: पोरगं तरुण आहे, उभं आयुष्य पुढं आहे, माफ. कुसुमताईंचा अर्ज फेटाळण्याआधी माझ्या दिवाणावर उशीखाली मुरत पडला होता; इथं पाठीवरचा साबणही वाळला नव्हता. हिमानीही तरुण आहे, तिचंही आयुष्य पुढं आहे, हे त्या वेळी सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या संध्याकाळपासून मी बाकावर बसलो की एकेकाला दूध आणायचं आठवायचं. शेवटी मनाची नाही पण जनाची लाज वाटून मी कुसुमताईंकडे गेलो. म्हटलं, तुमचीही पाटी काढतो, तुम्हालाही माफी. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मले माफी नाही पाहिजे, भाऊ. माफी घेतली तर चोरी पोरीच्या नावाले चिकटूनच राहीन. माह्या पंपाच्या बाजूले तुमच्या घरचा पंप टांगा. मंग लोक म्हणतीन, अध्यक्षाच्याच घरी पंप होता, वर पाणी कुठून येईन, बाई तरी काय करन."

घरी आलो, पंप सोडवला, पाटी रंगवली आणि स्वतःच्या हातानं टांगली. गौरांगच्या नावाची. आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही, न्याय असावा तर असा, म्हणाले. बाक पुन्हा भरला. गौरांगनं त्याच दिवशी बॅग भरली आणि वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागं, एक खोली घेतली. ऑफिस जवळ पडतं, म्हणाला. वैदेही जेवताना माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवते आणि "पुरेल ना?" एवढंच विचारते. बाकी संभाषण बंद.

तर ताई, असा हा प्रकार. न्याय करायचा म्हटलं की घरच्यांना झळ बसते, एवढं समजून घे आणि धाकट्यावर लोभ कमी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. सौरवच्या आईकडे एकदा जा. तुझा शब्द गल्लीत कोणी मोडत नाही. तिला म्हणावं, कुसुमताईंनी पंप लावला तो तहानेपोटी, आणि त्या घरच्या मुलीसारखी मुलगी शोधून सापडायची नाही. एका सोसायटीच्या अध्यक्षाच्या हौसेपायी तिचं लग्न मोडू नये.

ता. क. २. सौरवच्या आईशी बोलताना गौरांगचं नाव घेऊ नकोस, माझं घे. पंप त्याचा नव्हता. महाल भागातल्या बाजारातून मी आणला होता, पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली घालून, कूलरची टाकी भरायला. कुसुमताईंचा अर्ज मी त्याच कूलरसमोर बसून फेटाळला, आणि त्यांच्या वाट्याचं पाणी तेव्हा माझ्या अंगावर वाऱ्यानं येत होतं. त्या सकाळी ओमप्रकाशचा आवाज ऐकून मीच न्हाणीघरातून ओरडलो, गौरांग, बटण बंद कर. तो धावला, आणि सापडला. त्यानं मला उघडं पाडलं नाही. वरचं पत्र पुन्हा वाचून बघ, त्यात खोटं वाक्य एकही सापडणार नाही. कोर्टात आयुष्य काढल्यावर खरं बोलून फसवणं जमतं माणसाला. माफी मी माझी मला दिली आणि शिक्षा तुझ्या पोराला. मला फार लाज वाटते आहे, ताई.

ता. क. ३. माझ्या नावाची पाटी रंगवून तयार आहे. दिवाणाखाली पालथी पडली आहे. घेऊन फाटकापर्यंत जातो, बाकावर माणसं दिसतात, पिशवीत घालून परत येतो. म्हणून आधी हे पत्र पोस्टात टाकतो. ते तुझ्या हाती पडलं की मला मागं फिरता येणार नाही. वाचून झालं की फोन कर. तब्येत विचारू नकोस. "टांगली का?" एवढंच विचार. मी आढेवेढे घ्यायला लागलो तर दया दाखवू नकोस. सौरवच्या आईला सोबत घे, सरळ नागपूरला ये, आणि तिच्यासमोर तू टांग.