सोळांतलं तेरावं राज्य

आबा, आज सहावीला सोळा महाजनपदं शिकवली. काशी, कोसल, अंग, मगध करत फळाभर लिहीत गेले आणि नेहमीसारखा तेराव्याला, अश्मकाला, खडू अडला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, यातलं आपल्या बाजूचं कुठलं?" तुम्ही असतात तर खुर्चीवरून उठून सांगितलं असतंत. मी "ते बघ, गोदावरीकाठचं" म्हटलं आणि तास संपायच्या आतच फळा पुसायला लागले. पोरं ओरडली, अहो टीचर, उतरवून घ्यायचंय अजून!

ही नावं मला पुस्तकाने शिकवलेली नाहीत. ती गिरणीतून आपल्या घरात आली. साचेखात्यात, मागांच्या त्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळे ओठांवरून बोलायचात. शेजारच्या साच्यावर नायगावचे काका, तुमचे दोस्त. ते बुद्धविहारात ऐकलेली सोळा राज्यं तुम्हाला ओठांनी सांगायचे आणि तुम्ही बोटांवर मोजून घ्यायचात. घरी आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही मोरीपाशी हातपाय धुताय आणि आवाज न काढता ओठ हलवताय. मी समोर बसून ओळखायची. चुकले की टपली, बरोबर आलं की शेंगदाण्याचा लाडू. आई म्हणायची, "हेंचा काय मुक्यांचा भजन चललाहा?" किती हसायचो आपण!

गिरणी बंद पडली, तरी काका येत राहिले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना चाळीच्या गणपतीत कुरुक्षेत्राचा देखावा ठरला आणि मागचा नकाशा तुम्हा दोघांकडे आला. कुठल्या देशाचा राजा कुठल्या बाजूने लढला, ते प्लायवूडवर रंगवायचं. चार रात्री खपलात. खाली गोदावरीकाठी तुम्ही पिवळ्या रंगात 'अश्मक' लिहिलंत आणि काकांना म्हणालात, "बघ, तुझ्या बुद्धाच्या यादीत आसा नि माझ्या महाभारतात पण आसा." काका नुसते हसत उभे होते, हातात ब्रश.

आणि मी आले. नवी नवी शहाणी. मंडळाच्या सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "आबा, अश्मक बौद्ध ग्रंथातला आहे. महाभारतात कुठून आणलात? उगाच खिचडी करू नका, लोक हसतील." तुम्ही म्हणालात, चाळीत चातुर्मासात पोथी वाचायचे त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, अभिमन्यूने अश्मकाच्या राजपुत्राला मारलं. मी विचारलं, "कुठल्या पानावर?" म्हातारे कधीच वारले होते. पान तुम्ही कुठून दाखवणार? पोरं हसली. तुम्ही माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे म्हणालात, "तुका जास्ती कळता, बाय. मी आपलो ऐकीव मानूस." आणि पिवळ्यावर निळा रंग फिरवलात. काकांनी ब्रश धुतला, बादलीत ठेवला आणि चहा न घेता गेले. पुढच्या वर्षी मंडळाची पोरं बोलवायला आली तेव्हा तुम्ही डोळे दुखतात म्हणालात.

तुमचं बरोबर होतं, आबा. द्रोणपर्वात आहे. चक्रव्यूहात अभिमन्यू अश्मकाच्या राजपुत्राला मारतो, तुम्ही सांगितलंत अगदी तस्सं. हे मी आता स्टाफरूममध्ये सांगते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, वडील गेल्यावर सापडलं हो, फार वाईट वाटलं.

खोटं आहे ते. त्याच वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, कॉलेजच्या लायब्ररीत सापडलं होतं. पान वाचलं, कान तापले, पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. घरी आले तर तुम्ही विचारलंत, "काय वाचलंस आज?" मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही होतात. आठ वर्षं मी रोज सकाळी तुमच्या पुढ्यात चहा ठेवत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मेली माझी जीभच रेटेना.

शेवटच्या आठवड्यात परळच्या हॉस्पिटलात तुमचा आवाज गेला. दुपारी मी उशाशी बसले होते. तुमचे ओठ हलायला लागले, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायला लागला. नर्स म्हणाली, पाणी मागतायत वाटतं. पण मला येतं ना ते वाचायला, तुम्हीच शिकवलेलं. काशी, कोसल, अंग, मगध. पुढे कुरू, पांचाल, मत्स्य, शूरसेन. बारा झाली. मी तेराव्याची वाट बघत होते. तुम्ही थेट अवंती म्हणालात, मग गांधार, मग कांबोज. पंधराच भरली. तुम्ही परत पहिल्यापासून मोजायला लागलात, परत पंधराच.

हे पत्र मी माझ्या सहावीच्या पुस्तकात घालून ठेवणार आहे, दुसरं कुठे ठेवू? त्या दुपारी तेरावं नाव मला माहीत होतं, आबा. मी चमच्याने तुम्हाला पाणी पाजलं.