मंदारचं मत

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार
सकाळी सीमाजी आल्या. शाळेत माझ्यासोबत शिकवायच्या. आता आमच्या मल्हारगंजच्या बूथची मतदारयादी त्यांच्याकडे. "ताई, मंदार भिया टोरंटो में ही हैं ना? तो एनआरआय वाला फॉर्म भरवा दो. पासपोर्ट की कॉपी लगेगी. और वोट देने खुद आना पड़ेगा, वहाँ से नहीं होता."
म्हटलं, दिवाळीला येतोच आहे, मतदानानंतर जाईल. हे एकदम खूश. "किती वर्षांनी तिघं मिळून जाऊ!"
मंदारला मेसेज टाकला. वाचला.

१५ ऑक्टो., रवि.
घट बसले. व्हिडिओ कॉलवर पासपोर्टचं काढलं. "आई, तो ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे." आणि लगेच, हवा कशी आहे तिकडे.

१९ ऑक्टो.
आज म्हणे, रिन्यूअलला दिलाय. मग लॉकरचं काय? ह्यांना म्हटलं. "तू तो सीबीआय हो गई!" हसून पेपर वाचत बसले.
तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथला पासपोर्ट जातो, मतही जातं. इतकी इलेक्शन ड्यूटी केली आहे, मला माहीत आहे. पण घेतलं असतं तर सांगितलं असतं त्याने. सांगितलं असतं ना?
सीमाजींना फोन केला, कॉपी आली नाही. "अब तो टाइम निकल गया. पुराना नाम चुनाव के बाद कटवा देंगे." म्हणजे ह्या घरच्या पत्त्यावरचं त्याचं जुनं नाव यादीत तसंच.

९ नोव्हें.
आला. वाळलाय. पोहे-जलेबी खाल्ली, मग झोपला. उठल्यावर सहज विचारलं, एअरपोर्टवर इमिग्रेशनला फार लाइन होती?
"नाही, आमची लाइन वेगळी..." आणि थांबला. "म्हणजे, गर्दीच नव्हती."
आमची म्हणजे कोणाची?

१२ नोव्हें., लक्ष्मीपूजन
काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं नाही. पण त्याच्याकडे बघत राहिले, ते त्याला कळलं. अनारसे अर्धवट टाकून उठला.

१६ नोव्हें.
ह्यांनी त्याचं जुनं वोटर कार्ड शोधून काढलं. "नाव आहे यादीत, स्लिप आली आहे. कल साथ में चलते." मंदार म्हणाला, "चालेल, बाबा."
स्वयंपाकघरात गाठलं त्याला. म्हटलं, एनआरआय असशील तरी जुन्या कार्डावर मत टाकणं बरोबर नाही. आणि परदेशी नागरिकाने टाकलं तर सरळ गुन्हा.
"मी काय परदेशी आहे का, आई?"
हा प्रश्न झाला. उत्तर नाही झालं.

१७ नोव्हें., शुक्र. मतदान
हे इस्त्रीचा कुर्ता घालून खाली गेले, स्कूटर पुसत होते. मंदार कार्ड खिशात घालून निघाला. मी दार लावून घेतलं. "पासपोर्ट दाखव."
त्याने कार्डाच्या खिशावर हात ठेवला. मग आत गेला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाला, "बघितल्याशिवाय नाहीच का, आई?"
खालून हे ओरडले, "चलो भिया, लाइन बढ़ रही है!"
माझ्या तोंडून निघालं, "राहू दे. कार्ड दे फक्त."
बाहेर आला, कार्ड दिलं.
ह्यांना सांगितलं, त्याचं पोट बिघडलंय. रांगेत सीमाजी भेटल्या. "भिया नहीं आए?" ह्यांनीच सांगितलं, पोटाचं. मी मान हलवली.
घरी आलो तर त्याने चहा टाकला होता. ह्यांनी त्याला शाईचं बोट दाखवलं. "पुढच्या वेळी तू पण." त्याने ते बोट हातात धरलं, शाई बघत राहिला. मग चहा गाळायला गेला.
कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. त्याने परत मागितलं नाही. सकाळीसुद्धा किती लगेच दिलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.